आधी खोली, मग स्पीकर

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी अमेरिकेतल्या हरमन कंपनीत एक चाचणी घेतली. श्रोते कंपनीतलेच नोकरदार होते. त्यांना काही स्पीकर एकदा पडद्याआडून ऐकवले आणि एकदा डोळ्यांदेखत. गाणी तीच, आवाजाची पातळी तीच, तरी गुण बदलले. सबवूफर आणि छोट्या डब्यांचा एक संच पडद्याआड बऱ्यापैकी गुण मिळवत होता, तो समोर दिसू लागताच घसरला. उंच, भारदस्त टॉवर स्पीकरांचे गुण वधारले. यापेक्षाही मोलाची गोष्ट पुढे आहे. पडद्याआड ऐकताना स्पीकर खोलीत दुसऱ्या जागी हलवला की श्रोत्यांना फरक कळत होता आणि ते तसे गुण देत होते. स्पीकर दिसू लागल्यावर मात्र जागा बदलली तरी त्यांचे मत जागचे हलेना. डोळ्यांनी एकदा निकाल दिला की कान पुढचे ऐकून घेत नाहीत.

टॉवर स्पीकर घ्यायला निघालेल्याने याची खूणगाठ बांधूनच दुकानाची पायरी चढावी. कारण हा स्पीकर दिसायलाच रुबाबदार असतो. साडेतीन-चार फूट उंच, चकचकीत लाकडी पापुद्र्याचा, समोर एकाखाली एक तीन-चार वर्तुळे. दुकानाच्या अंधाऱ्या डेमो रूममध्ये गालिच्यावर उभी असलेली ही जोडी पाहिली की निम्मा सौदा झालेला असतो. या प्रकरणात मला सांगायचे आहे ते एवढेच की, ज्या खोलीत हे स्पीकर उभे राहणार आहेत आणि जे संगीत त्यांतून वाजणार आहे, त्या दोहोंचा हिशोब आधी मांडला तर स्पीकरची निवड जवळजवळ आपोआप होते. हिशोब न मांडता घेतलेला महागडा टॉवर साध्या डब्यापेक्षा वाईट वाजू शकतो, आणि बऱ्याच घरांत तो तसा वाजतो.

हा उंच डबा आला कुठून, ते थोडक्यात पाहू. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी स्पीकरची एक रचना मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला शंकू आणि शंकूच्या कडेने लवचीक पट्टी. शंभर वर्षे उलटली तरी बहुतेक सगळ्या स्पीकरांच्या पोटात तीच रचना आहे. बदलत गेला तो डबा. शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पाठीमागची हवा विरळ होते. पुढची दाट आणि मागची विरळ हवा एकत्र आली तर खर्ज तिथल्या तिथे जिरतो. म्हणून मागची बाजू डब्यात कोंडायची. पण कोंडलेली हवा शंकूला विरोध करते, आणि डबा जितका लहान तितका हा विरोध जास्त. १९४६ मध्ये पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यालाच भोंग्याचा भाग करून टाकले, पण त्यांचा क्लिप्शहॉर्न कपाटाएवढा होता. १९५४ मध्ये एडगर विलचर यांनी उलट वाट धरली. कोंडलेल्या हवेचा विरोधच त्यांनी कामाला लावला आणि छोट्या बंद डब्यातून खोल खर्ज काढून दाखवला. मग १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि घरोघरी एकाच्या जागी दोन स्पीकर लागू लागले. दोन-दोन कपाटे कोण ठेवणार?

आजचा सडपातळ टॉवर ही या अडचणीवरची तोड आहे. डबा रुंदीला वाढवायचा नाही, उंचीला वाढवायचा. खर्ज वाजवणारा एक दहा इंची वूफर लावण्याऐवजी साडेसहा इंची दोन-तीन वूफर एकाखाली एक बसवायचे. साडेसहा इंची तिघांचे क्षेत्रफळ मिळून एका दहा इंचीपेक्षा जास्तच भरते आणि डब्याची दर्शनी बाजू आठ-नऊ इंचांत आटोपते. स्टँडवर ठेवलेला छोटा बुकशेल्फ स्पीकर जमिनीवर जेवढी जागा अडवतो जवळपास तेवढीच टॉवर अडवतो. स्टँडच्या उंचीत जी जागा रिकामी जाते ती टॉवर आपल्या पोटात घेतो. टॉवरचा हा फायदा निर्विवाद आहे.

तरी पदार्थविज्ञानाशी घासाघीस चालत नाही. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातले शेवटचे अक्षर अँटन हॉफमन यांचे. त्यांनी सांगितलेला नियम स्पीकरच्या धंद्यात ‘हॉफमनचा पोलादी नियम’ म्हणून ओळखला जातो. लहान डबा, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन मिळतात, तिसरीवर पाणी सोडावे लागते. खालच्या सुराला हवा फार हलवावी लागते. आवाज तेवढाच ठेवून ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झचा सूर काढायचा तर शंकूला चौपट पुढेमागे जावे लागते, आणि २० हर्ट्झसाठी सोळापट. एखाद्या नाजूक टॉवरच्या माहितीपत्रकात खोल खर्जही असेल आणि थोड्या वॉटमध्ये दणदणीत आवाजाचे आश्वासनही असेल, तर कुठेतरी पाणी मुरते आहे असे खुशाल समजावे.

मग आपल्याला खर्ज लागतो तरी किती खोल? हा प्रश्न दुकानात सहसा निघतच नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला असतो. तंबोऱ्याची जोड तिथेच लागते आणि खर्जाची तार बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २३३ ला आणि तिच्या तंबोऱ्याचा खर्ज ११७ च्या जवळ. त्यातही तंबोऱ्याची खरी श्रीमंती मूळ सुरापेक्षा जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांत आहे. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाच्या तारेचा पाचवा अंशस्वर आहे, ६९ च्या पाचपट, म्हणजे ३४५ हर्ट्झच्या आसपास. हा गंधार स्पीकरमधून स्पष्ट यायचा असेल तर मोठा वूफर उपयोगाचा नाही, मधली पट्टी स्वच्छ लागते. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग हेच ज्याचे ऐकणे आहे त्याच्या संग्रहात ६० हर्ट्झच्या खाली फारसे काही सापडणार नाही. डग्ग्याचा घुमारासुद्धा साधारण त्याच्या वरच राहतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंद, जॅझ किंवा सिंथेसायझरवर बेतलेले आजचे चित्रपटसंगीत ऐकणाऱ्याची गोष्ट वेगळी. बास गिटारची आणि डबल बासची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला लागते, पियानोची अगदी डावीकडची पट्टी २७.५ ला. अशा श्रोत्याला ४० च्या आसपास ठामपणे उतरणारा स्पीकर हवा, आणि त्याने टॉवरकडे वळणे योग्यच. पण ज्याच्या घरी दिवसभर कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर वाजतात, त्याने खर्जाच्या शेवटच्या सप्तकासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी दहा वेळा विचार करावा. तेच पैसे अधिक चांगल्या मधल्या पट्टीवर घातले तर रोज सकाळी वसूल होतील.

आता खोली. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ३४ हर्ट्झची लाट जवळपास दहा मीटर लांब असते, आपल्या बहुतेक खोल्यांपेक्षा लांब. बारा फुटांच्या अंतरात, म्हणजे ३.६६ मीटरमध्ये, ४७ हर्ट्झची बरोबर अर्धी लाट मावते. दहा फुटांत ५६ हर्ट्झची मावते. या सुरांवर समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाट अडकून राहते आणि खोली स्वतःच घुमू लागते. भिंतीला टेकून बसलेल्याला तिथे नुसता ढणढणाट, तर बरोबर मध्यावर बसलेल्याला तो सूर जवळपास गायब. खोलीची रुंदी दहा फूट आणि छताची उंचीही दहा फुटांच्या घरात असेल, तर दोन्हींचे घुमणे एकाच सुरावर येऊन पडते. अशा खोलीत ३० हर्ट्झपर्यंत जाणारा टॉवर आणून ठेवणे म्हणजे त्या घुमण्याला खतपाणी घालणे.

परदेशी परीक्षणे वाचून खरेदी करणाऱ्यांसाठी इथे थोडे थांबायला हवे. अमेरिकेतली बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्यावर जिप्समचे फलक ठोकून उभारलेली असतात. अशा भिंती खर्जाबरोबर किंचित डोलतात, काही खर्ज गिळतात, काही बाहेर जाऊ देतात. तिथल्या परीक्षकाने एखाद्या टॉवरचा खर्ज ‘आटोपशीर’ म्हटला असेल तर तो त्याच्या भिंतींसकट आटोपशीर आहे. आपल्याकडे आरसीसीचे खांब, विटा किंवा ब्लॉकच्या भिंती, वर-खाली स्लॅब. तसूभर काही हलत नाही, खर्ज कोंडून राहतो. त्यात खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला काचेची सरकती दारे आणि गुळगुळीत प्लास्टर असले की वरचे सूरही चहूकडून आपटत राहतात. अशा हॉलमध्ये टाळी वाजवून पाहा. टाळीच्या मागे धातूच्या पत्र्यासारखी झिणझिण ऐकू आली, तर कोणताही स्पीकर आणला तरी ती झिणझिण गाण्यात मिसळणार. स्पीकर आणि बैठक यांच्या मधोमध जाड सतरंजी, खिडक्यांना अस्तराचे जड पडदे, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट एवढ्याने बराच फरक पडतो. खर्जावर मात्र सतरंजी-पडद्यांचा परिणाम होत नाही, तिथे जागा आणि अंतरच कामी येतात. लोखंडी कपाट खोलीत असेल तर तेही तपासा. ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर लागला की त्याची दारे थरथरतात आणि तो खडखडाट स्पीकर फाटल्यासारखा वाटतो. दाराच्या फटीत फेल्टची पट्टी चिकटवली की काम होते.

माझा निवाडा असा आहे. दीडशे चौरस फुटांपर्यंतच्या बंद खोलीसाठी टॉवर घेऊ नये. तिथे उत्तम बुकशेल्फ, मजबूत स्टँड आणि हवाच असेल तर पुढे एखादा सबवूफर, हे अधिक शहाणपणाचे. सबवूफरची एक सोय अशी की तो खर्जासाठी जिथे बरा वाजतो तिथे ठेवता येतो. टॉवरमध्ये मात्र खर्जाची जागा आणि गाणाऱ्याची जागा एकाच डब्याला बांधलेली असते. दोनशे चौरस फुटांच्या पुढे, विशेषतः हॉलला लागून जेवणाची जागा उघडी असेल आणि खर्जाला पसरायला वाट असेल, तर टॉवर शोभतो आणि वाजतोही. मधल्या आकाराच्या हॉलसाठी सव्वापाच-साडेसहा इंची दोन वूफरांचा, साडेतीन फुटांच्या आतला लहान टॉवर पाहावा. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतला सर्वांत मोठा स्पीकर आपल्या खोलीसाठी सर्वांत चांगला असतो ही समजूत सोडून द्यावी. बऱ्याचदा मालिकेतला धाकटा किंवा मधला टॉवर आपल्या हॉलला बरोबर बसतो.

भिंतीपासूनच्या अंतराचेही साधे गणित आहे. खर्ज स्पीकरच्या पुढे जातो तसाच मागेही जातो, मागच्या भिंतीवर आपटून परततो. हे अंतर ज्या सुराच्या पाव लाटेएवढे भरते तो सूर पुढच्या आवाजाला छेद देतो. वूफर भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, ६० सेंटिमीटरवर असेल तर १४३ च्या. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३९ च्या आसपास आहे हे आठवले म्हणजे या सेंटिमीटरांचे मोल कळेल. टॉवर वीतभर पुढे-मागे सरकवून पाहण्याइतका फुकटचा आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. बाजूच्या भिंतीपासूनचे अंतर आणि मागच्या भिंतीपासूनचे अंतर सारखे ठेवू नये, नाहीतर दोन खड्डे एकाच जागी पडतात. आपल्या हॉलमध्ये टॉवर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला तर घरच्यांची ये-जा अडते, हे मला मान्य आहे. म्हणूनच आधी मोजपट्टी घेऊन किती अंतर कायमचे सोडता येईल ते घरच्यांशी बोलून ठरवावे. जेमतेम फूटभर मिळणार असेल तर पाठीमागे पोर्टचे, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीचे, तोंड असलेला मोठा टॉवर टाळावा. पोर्ट पुढे आहे म्हणून स्पीकर भिंतीला चिकटवला तरी चालतो, असे विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे. पोर्ट कुठेही असला तरी खर्ज चहूकडे पसरतो आणि भिंत त्याला फुगवतेच.

टूल यांचे आणखी एक ऋण मान्य करायला हवे. हरमनमध्ये येण्यापूर्वी ते कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ओटावाला होते. तिथे त्यांनी अनेक वर्षे पडद्याआडच्या ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या आणि त्याच स्पीकरांची प्रयोगशाळेत मोजमापे केली. दोन्ही जुळवून पाहिल्यावर जे हाती आले ते आजही स्पीकर पारखण्याचा पाया आहे. समोरून मोजलेला आवाज सर्व सुरांत सपाट असावा, आणि बाजूने, तिरकस दिशांनी बाहेर पडणारा आवाज वरच्या सुरांकडे जाताना हळूहळू, न अडखळता उतरत जावा. खोलीत आपण स्पीकरचा थेट आवाज ऐकतो, त्याचबरोबर भिंतींवरून, छतावरून परतलेला आवाजही ऐकतो. तो परतलेला आवाज मुळातच वेडावाकडा असेल तर गाणाऱ्याचा गळा बदलतो. वीस सेंटिमीटरचा वूफर सुमारे १७०० हर्ट्झच्या पुढे आवाज अरुंद झोतात फेकू लागतो. त्यानंतर वरचे सूर वाजवणारा छोटा ट्वीटर काम हाती घेतो आणि एकदम चारी बाजूंना पसरतो. या सांध्यावर बाजूचा आवाज अडखळतो, आणि हा सांधा बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झला येतो, जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. तीन-मार्गी टॉवरमध्ये मधल्या सुरांचा लहान मिडरेंज दोहोंच्या मध्ये घालून हा सांधा नीट करता येतो. टॉवरवर जास्त पैसे खर्च करण्याचे माझ्या मते हेच सर्वांत चांगले कारण आहे, खर्ज त्यानंतरचा. सांध्यावरची दुसरी तोड म्हणजे समकेंद्री स्पीकर. केईएफ या कंपनीने १९८८ मध्ये ट्वीटर थेट शंकूच्या मध्यात बसवला. टॅनॉय कंपनी त्याच कल्पनेचे दुहेरी समकेंद्री स्पीकर १९४७ पासूनच बनवत होती.

सुदैवाने आज ही मोजमापे वाचायला मिळतात. स्पीकर आडवा आणि उभा दहा-दहा अंशांनी फिरवत सत्तर ठिकाणी मोजायचा, अशी एक अमेरिकी प्रमाणपद्धत आहे. तिचा आलेख ‘स्पिनोरामा’ नावाने ओळखला जातो. समोरच्या आवाजाची वरची रेघ सपाट आणि बाजूच्या आवाजाच्या खालच्या रेघा समांतर, सावकाश उतरत्या दिसल्या की स्पीकरचा पाया मजबूत आहे असे समजावे. दोन-तीन हजारांजवळ खालच्या रेघेला कुबड आले असेल तर काचा आणि टाइलच्या हॉलमध्ये तारसप्तकातला गळा टोचू लागेल.

मोजमापांच्या या पुस्तकी गोष्टीत आपल्या घराची एक सवय मात्र कुणी धरलेली नसते. टॉवरचा ट्वीटर जमिनीपासून सुमारे तीन-सव्वातीन फुटांवर असतो, कारण सोफ्यावर बसलेल्याचे कान तिथे येतात. आपल्यापैकी पुष्कळजण गाणे गादीवर, मांडी घालून ऐकतात. तेव्हा कान अडीच फुटांच्या आसपास असतात. तीन मीटरवर बसले तर फरक तीन-चार अंशांचा, पण मीटर-दीड मीटरवर बसले तर तो दुप्पट-तिप्पट होतो. उभ्या दिशेने ट्वीटर आणि वूफर यांचे आवाज कानापर्यंत पोचण्याचे अंतर वेगवेगळे होते आणि सांध्यावर खड्डा पडतो. स्त्रीच्या गळ्यातला उजळपणा आणि जवारीचा झणत्कार नेमका तिथेच हरवतो. गादीवर ऐकणाऱ्याने दुकानातसुद्धा खुशाल खाली बसून ऐकावे. कुणी काही म्हणत नाही. आवाज बदलला तर मागच्या पायांखालचे स्क्रू थोडे बाहेर काढून टॉवर किंचित पुढे झुकवून पाहावा, किंवा समकेंद्री ट्वीटरचा स्पीकर निवडावा.

माहितीपत्रकातल्या आकड्यांपैकी दोन-तीनच खरे उपयोगाचे. ‘३५ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ’ या ओळीपुढे उणे-अधिक किती डेसिबल ते लिहिलेले नसेल तर ती ओळ वाचायचीच नाही. सेन्सिटिव्हिटी म्हणजे २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. ८५ आणि ९१ यांत सहा डेसिबलचा फरक, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला चौपट वॉट लागतात. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण चार ओहमच्या स्पीकरला तेच दोन वॉट होतात. त्यामुळे चार ओहमच्या स्पीकरचा आकडा उगाच तीन डेसिबलने फुगलेला दिसतो. घरात रोजचे ऐकणे एखाद्या वॉटमध्येही भागते, मात्र तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा उसळता क्षण सरासरीपेक्षा वीस डेसिबल वर जाऊ शकतो, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये ताकद राखून ठेवलेली बरी. इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर ॲम्प्लिफायरला करत असलेल्या ओहममधल्या विरोधाचा, ‘किमान’ आकडा विचारा. आठ ओहम छापलेले कित्येक टॉवर खर्जात साडेतीन-चारपर्यंत उतरतात, आणि स्वस्त एव्ही रिसीव्हरला तिथे धाप लागते. केबलवर मात्र पैसे घालवू नका. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत कोणत्याही टॉवरला पुरते.

ऐकायला जाताना आपल्या ओळखीची ध्वनिमुद्रणे घेऊन जा, दुकानदाराच्या झगमगीत डेमो ट्रॅकवर विसंबू नका. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७ चा संच यासाठी फार उपयोगी आहे. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूरचा कडक आघात ट्वीटरची परीक्षा घेतो, बासरीतला श्वास मधल्या पट्टीची. त्यानंतर एखादा जुना मोनो ख्याल लावा. मोनो ध्वनिमुद्रणात गायक दोन्ही टॉवरांच्या बरोबर मध्ये, हवेत, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरट, भोंगळ ऐकू आला किंवा सूर चढला की डावीकडे-उजवीकडे सरकू लागला, तर दोन स्पीकर एकमेकांशी नीट जुळलेले नाहीत किंवा जागा चुकली आहे. विलंबित आलापात गायक थांबतो तेव्हा तंबोरा एकटा उरतो. तेव्हा डोळे मिटून स्वयंभू गंधार शोधा. तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्यायलाच हवा. एखाद्या डेसिबलने जरी एक जोडी मोठी वाजली तरी ती जास्त ‘भरीव’ वाटते, आणि विक्रेत्याला विकायचा स्पीकर थोडा मोठा वाजणे मुळीच दुर्मीळ नाही. मोबाइलवर आवाज मोजणारे ॲप एवढ्या कामाला पुरते. आणि दहा मिनिटांत मोहून टाकणाऱ्या स्पीकरबद्दल सावध राहा. चढा ट्वीटर आणि फुगवलेला खर्ज पहिल्या भेटीत मने जिंकतात आणि तासाभराने कान थकवतात.

एकदा घरी आल्यावर टॉवरला जपावे लागते ते आपल्या फरशीपासून. डबा बहुधा एमडीएफचा असतो, आणि रोजच्या ओल्या फडक्याने बुडाच्या कडेला पाणी लागत राहिले की एमडीएफ फुगतो आणि पापुद्रा सुटतो. टॉवर स्पाइकवर किंवा रबरी पायांवर किमान इंचभर उचललेला असावा. टाइलवर स्पाइकखाली धातूच्या चकत्या ठेवाव्यात, नाहीतर टाइलला ओरखडे पडतात. जुना स्पीकर विकत घेताना वूफरच्या कडेची पट्टी बोटाने हलके दाबून पाहा. फोमच्या पट्टीचा दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो, कोकणात त्याही आधी. रबराची कितीतरी जास्त टिकते. घरात धावणारे मूल असेल तर रुंद पट्ट्यांचा पाया असलेलाच टॉवर घ्यावा. वीस-पंचवीस किलोचा उंच डबा अरुंद बुडावर उभा राहणे धोक्याचे आहे.

एवढे सगळे जुळले तरी शेवटची परीक्षा आपल्या हॉलमध्येच होते, कारण दुकानाची खोली आपण घरी आणू शकत नाही. दुकानदाराला अनामत रक्कम द्या, पण स्पीकर दोन दिवस घरी ऐकायला मागा. आपल्या ॲम्प्लिफायरवर, आपल्या जागी, आपल्या भिंतींमध्ये. आपण रात्री ज्या हलक्या आवाजात ऐकतो तसे रात्रीही ऐका आणि सुटीच्या दिवशी मोठ्या आवाजातही ऐका. घरच्यांना न सांगता स्पीकर हलवा आणि आवाजात फरक वाटतो का ते त्यांना विचारा. मोठ्या रकमेच्या खरेदीत ही मागणी रास्त आहे आणि बरेच चांगले विक्रेते ती मान्य करतात. जो विक्रेता ठाम नकार देतो, त्याच्याकडून टॉवर घेऊ नका.